औषधाच्या बाटलीत नेमके काय आहे, हे कसे ओळखतात?



गेल्या पूर्वहंगामातली गोष्ट. डिसेंबरात गट ऑफिसवर आपले एक सभासद प्लास्टिकची पिशवी घेऊन आले. पिशवीत अर्धी राहिलेली टॉनिकची बाटली आणि हरभऱ्याची उपटून आणलेली चार झाडे. झाडांचे शेंडे विंचवाच्या नांगीसारखे वळलेले, पाने आवळलेली, खोड पिळा दिल्यासारखे. "साहेब, ऊस जागच्या जागी हाय, हरभरा तेवढा गेला बघा. त्या दुकानदारानं टॉनिकमधी तणनाशक घातलंय. तुम्ही पत्र द्या, मी केस करतो."

सव्वा एकर पूर्वहंगामी लागण, सरीच्या बगलेला हरभरा, आणि त्यावर समुद्रशेवाळाच्या अर्काचे म्हणून विकले जाणारे टॉनिक फवारलेले. आम्ही शेतावर जाऊन पाहिले. ही लक्षणे टू-फोर-डी या तणनाशकाची, याबद्दल आम्हांस शंका नव्हती. ते ऊस, ज्वारी, हराळी असल्या गवतवर्गीय पिकांना नेहमीच्या मात्रेत सहसा धक्का लावत नाही, पण हरभरा, भुईमूग, कोबी, कपाशी अशा रुंद पानांच्या पिकांना थेंबानेसुद्धा वेडेवाकडे करते. पण ते आले कोठून? बाटलीतून येऊ शकते, पंपातून येऊ शकते, शेजारच्या फवारणीतून वाऱ्याने येऊ शकते. शेजारच्यांनी त्या महिन्यात काही फवारले नव्हते. राहिली बाटली आणि पंप.

आम्ही पत्र लगेच दिले नाही, त्यामुळे सभासद थोडे नाराज झाले. पण दुकानदाराची चूक असेल तर त्याला सोडू नये, आणि नसेल तर त्याच्या पोटावर पाय देऊ नये, असे आम्हांस वाटले. म्हणून तीन नमुने घेतले: बाटलीतले टॉनिक, पंपाची टाकी व रबरी नळी लिटरभर पाण्याने खळबळून काढलेले धुवण, आणि ताडून पाहण्यासाठी माहीत असलेले टू-फोर-डी. ते घेऊन पुण्यास एका प्रयोगशाळेत गेलो. तेथे दोन दिवस बसून जे पाहिले, ते सभासदांना सांगण्यासारखे आहे.

पहिल्यांदा आपल्या ओळखीच्या गोष्टीवरून सुरुवात करू. उसाच्या रसात ब्रिक्सचा काटा सोडला की १८ किंवा २० असा आकडा येतो. हा आकडा रसात एकंदर विरघळलेले किती ते सांगतो. त्यात साखर किती, ग्लुकोज-फ्रुक्टोज किती, क्षार किती, हे तो सांगत नाही. तोडून चार-पाच दिवस फडात पडलेल्या उसाचा ब्रिक्स कधी कधी उलट वाढलेला दिसतो, कारण पाणी उडालेले असते. आणि आत मात्र साखर फुटून तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होत असते, जे पोत्यात येत नाही. मिश्रणाचा एक आकडा घेतला की असे फसायला होते. औषधाच्या बाटलीचेही तसेच. रंग, वास, दाटपणा यांवरून आत कोण कोण आहे ते कळत नाही. तेव्हा पहिले काम म्हणजे मिश्रणातले घटक एकमेकांपासून सोडवणे.

हे काम घरी पाहता येते. टीपकागदाची पट्टी घ्या, खालच्या टोकापासून बोटभर वर काळ्या शाईचा ठिपका द्या आणि पट्टीचे टोक वाटीतल्या पाण्यात असे टेकवा की ठिपका पाण्याच्या वर राहील. पाणी कागदातून वर चढते आणि शाईला सोबत नेते. थोड्या वेळाने काळी शाई काळी राहत नाही. निळा, जांभळा, पिवळसर असे पट्टे वेगवेगळ्या उंचीवर दिसतात. शाळेतल्या मुलांना जरूर करून दाखवा.

असे का होते? पालखीची वाट डोळ्यांपुढे आणा. आळंदीहून सगळे वारकरी एकाच वेळी निघाले. एखादा कोठे न थांबता सरळ पुण्याला पोचतो. एखाद्याला वाटेत दिसेल त्या चहाच्या टपरीवर टेकायची सवय, तो मागे पडतो. वाट एकच, गर्दी एकच, पण थांबण्याच्या सवयीने माणसे आपोआप अंतरा-अंतरावर होतात. कागदाला किंवा थराला ज्या द्रव्याची ओढ जास्त, ते मागे. वाहणाऱ्या द्रावणाची ओढ जास्त, ते पुढे. याला वर्णलेखन, म्हणजे क्रोमॅटोग्राफी म्हणतात. त्स्वेत नावाच्या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला पानांतले हिरवे-पिवळे रंग खडूच्या भुकटीच्या नळीतून असे वेगळे केले, म्हणून नावात 'वर्ण' आहे.

प्रयोगशाळेत टीपकागदाच्या जागी काच किंवा ॲल्युमिनियमची पट्टी असते आणि तिच्यावर सिलिकाचा पाव मिलिमीटर जाडीचा पांढरा थर. सिलिका म्हणजे आपल्या वाळूचीच जात, फक्त फार बारीक आणि सच्छिद्र केलेली. म्हणून याला पातळ थराचे वर्णलेखन म्हणतात. १९३८ मध्ये खारकोव्ह येथे इझमाइलोव्ह आणि श्रायबर यांनी औषधी वनस्पतींच्या अर्कांवर याची सुरुवात केली आणि १९५० नंतरच्या काळात जर्मनीच्या एगॉन श्टाल यांनी थराची जाडी, सिलिकाचा दर्जा वगैरे ठरवून ती पद्धत सगळ्या जगाच्या हातात दिली. खर्च थोडा, वेळ अर्धा-पाऊण तास, आणि एकाच पट्टीवर दहा नमुने शेजारी शेजारी चालवता येतात. आपल्या रसाचेसुद्धा असे करता येते: ब्युटॅनॉल, ॲसेटिक ॲसिड आणि पाणी यांच्या द्रावणात पट्टी ठेवली की फ्रुक्टोज सर्वांत पुढे, त्याच्या मागे ग्लुकोज आणि सर्वांत मागे आपली साखर राहते. वरून सौम्य गंधकाम्ल फवारून पट्टी तापवली की तिन्ही ठिकाणी काळे ठिपके उमटतात.

आमचे तिन्ही नमुने आधी आम्ल घालून इथरमध्ये काढून घेतले. टू-फोर-डी बाजारात अमाइन क्षार, सोडियम क्षार किंवा इस्टर अशा रूपांत मिळते. आमच्या सभासदांकडचे अमाइन क्षाराचे होते; आम्ल घातले की क्षाराचे मूळ आम्ल होते आणि पाणी सोडून इथरमध्ये येते. मग पट्टीवर तीन ठिपके दिले, पट्टी द्रावणाच्या काचपात्रात उभी केली आणि वर चढू दिली. वाळवून जंबुपार किरणांच्या दिव्याखाली धरली. थर हिरवा चमकतो आणि जेथे द्रव्य असेल तेथे काळसर डाग दिसतो.

डाग दिसले. माहीत असलेल्या टू-फोर-डीचा डाग एका उंचीवर. पंपाच्या धुवणात त्याच उंचीवर डाग. आणि टॉनिकच्या बाटलीतही, इतर दोन-तीन डागांबरोबर, जवळजवळ त्याच उंचीवर एक डाग!

खरे सांगायचे तर आम्ही मनातल्या मनात पत्राचा मजकूर लिहायला घेतला होता. बाटलीत तणनाशक आहे, त्याच बाटलीने पंपही बाटला, प्रकरण संपले. पण तेथील रसायनशास्त्रज्ञ म्हणाले, "थांबा. दोघे एकाच टपरीवर बसलेले दिसले म्हणून एकाच गावचे होत नाहीत." उंची सारखी म्हणजे फक्त सिलिकाकडची ओढ सारखी. ओळख पटवायची तर दुसरा पुरावा पाहिजे, आणि तो पहिल्यापेक्षा वेगळ्या जातीचा पाहिजे.

हा दुसरा पुरावा म्हणजे अवरक्त किरणांचा आलेख. तांबड्या प्रकाशाच्या पलीकडे डोळ्यांना न दिसणारे उष्ण किरण असतात. विल्यम हर्शेल यांना १८०० साली साध्या थर्मामीटरने त्यांचा पत्ता लागला. रेणूतले अणू एकमेकांशी जोडलेले असतात, पण ती जोड लोखंडी कांबीसारखी ताठ नसते, स्प्रिंगेसारखी असते. प्रत्येक जोड आपल्या ठरावीक वेगाने थरथरते आणि त्याच वेगाचे अवरक्त किरण पिऊन टाकते. बाकीचे आरपार जातात. कोणते किरण गिळले गेले याचा आलेख यंत्र काढते. त्यात ४,००० पासून ४०० पर्यंत आकडे असतात, म्हणजे एका सेंटिमीटरात किती लहरी बसतात ते. कार्बन आणि ऑक्सिजनची दुहेरी जोड १,७०० च्या आसपास खड्डा पाडते, अल्कोहोल किंवा साखरेतली ऑक्सिजन-हायड्रोजनची जोड ३,३०० च्या आसपास रुंद खड्डा पाडते. आणि १,५०० च्या खाली तर खड्ड्यांची अशी नक्षी असते की ती त्या त्या द्रव्याची अंगठ्याची निशाणीच.

मग सरळ बाटलीतला थेंबच त्या यंत्रात का घालू नये? हाही प्रश्न आम्ही विचारला. उत्तर आपल्या यार्डातच आहे. पहाटेच्या अंधारात एकटी बैलगाडी येत असेल तर घुंगरांच्या आवाजावरून जुना वॉचमन सांगतो की ही अमक्याची गाडी. पण चाळीस गाड्या एकदम गेटवर आल्या की नुसता खुळखुळाट, त्यातून कोणाची कोणती ते देवालाही कळणार नाही. अवरक्त यंत्राचे तसेच आहे. एकटे द्रव्य दिले तर ते अचूक नाव सांगते. दहा द्रव्यांचे मिश्रण दिले की दहांचे खड्डे एकमेकांत मिसळतात. त्यातून पाण्याचा स्वतःचा खड्डा एवढा मोठा, की पातळ औषधात बाकी सगळे त्यात बुडते. म्हणून आधी गाड्या रांगेला लावायच्या, मग एकेकीचे घुंगरू ऐकायचे. पहिले काम पातळ थर करतो, दुसरे अवरक्त यंत्र करते. एकट्या थराला नाव सांगता येत नाही, एकट्या यंत्राला गर्दी सोसत नाही.

करायची रीत अशी. ज्या उंचीवर डाग आहे तेवढाच सिलिकाचा भाग पात्याने खरवडून घ्यायचा. एका ठिपक्यात माल फार थोडा असतो, म्हणून नमुना ठिपक्याऐवजी आडवा पट्टा ओढल्यासारखा लावतात आणि दोन-तीन पट्ट्यांवरचे खरवडण एकत्र करतात. ते शुद्ध द्रावणात ढवळून गाळायचे, द्रावण उडवून टाकायचे, मागे राहिलेला कण पोटॅशियम ब्रोमाइड या क्षाराच्या कोरड्या भुकटीत घोटायचा आणि दाबयंत्राखाली त्याची काचेसारखी पारदर्शक चकती करायची. दोनशे मिलिग्रॅम क्षारात एखाद मिलिग्रॅम नमुना पुरतो. हाच क्षार का, तर तो स्वतः अवरक्त किरण अडवत नाही. चकती यंत्रात ठेवली की मिनिटाभरात आलेख पडद्यावर. पूर्वी पेनाने कागदावर हळूहळू रेघ ओढणारी यंत्रे होती.

आमची पहिली चकती वाया गेली. आलेखात १,१०० च्या आसपास भलामोठा खड्डा, बाकी नक्षी त्यात गडप. गाळणीतून सिलिकाची बारीक धूळ खाली उतरली होती आणि आम्ही सिलिकाचाच आलेख काढत बसलो होतो. म्हणून दुसऱ्या खेपेस बारीक गाळणी घेतली, आणि पट्टीवरचा डाग नसलेला कोरा भागही तितकाच खरवडून त्याचाही आलेख काढला. कोऱ्यात जे दिसेल ते पट्टीचे, ते वजा धरायचे. ही खबरदारी न घेणाऱ्याचा अहवाल आम्ही तरी मानणार नाही.

दुसऱ्या खेपेचा निकाल स्वच्छ होता. पंपाच्या धुवणातल्या डागाचा आलेख आणि माहीत असलेल्या टू-फोर-डीचा आलेख एकावर एक ठेवले तर खड्ड्याला खड्डा जुळत होता. १,७३५ च्या जवळचा आम्लाचा खड्डा आणि खालची सगळी नक्षीसुद्धा. बाटलीतल्या डागाचा आलेख मात्र वेगळाच. आम्लाचा खड्डा १,६९० जवळ, आणि ७१० जवळ एक ठळक खड्डा, जो टू-फोर-डीत तसा नसतो. तो निघाला बेंझोइक आम्लाचा. सोडियम बेंझोएट हे लोणची-सरबते टिकवण्यासाठी घालतात तेच. पातळ टॉनिकला बुरशी येऊ नये म्हणून कारखानदाराने घातलेले. हरभऱ्याचे शेंडे वळवण्याचे काम त्याचे नव्हे.

सभासदांना फोन करून विचारले, या पंपाने याआधी काय मारले होते? थोडे थांबून म्हणाले, दिवाळीच्या सुमारास बांधावरचे गाजरगवत. पंप धुतला होता का? "धुतला की. पाण्यानं."

म्हणजे एकच डाग पाहून निकाल दिला असता, तर एका निरपराध माणसावर आपण केस घातली असती, आणि ती पहिल्या तारखेला उलटून आपले सभासद खर्चात आले असते.

या विद्येशी पुण्याचा संबंध जुना आहे, हेही येथे सांगितले पाहिजे. पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते ३ जानेवारी १९५० रोजी झाले. साठीच्या दशकात तेथे डॉ. सुख देव आणि त्यांचे सहकारी चीड, देवदार यांची तेले, राळ, डिंक यांतली द्रव्ये शोधत होते. ही तेले म्हणजे पाच-पन्नास घटकांची खिचडी, आणि कित्येक घटक वजनाने अगदी सारखे. साध्या सिलिकावर ते सुटत नाहीत. गुप्ता आणि सुख देव यांनी सिलिकात सिल्व्हर नायट्रेट, म्हणजे चांदीचा क्षार, मिसळून पट्ट्या केल्या. ज्या रेणूत कार्बनची दुहेरी जोड असते त्याला चांदी धरून ठेवते, म्हणून सारख्या वजनाचे भाऊसुद्धा वेगळे होतात. यावरचा त्यांचा निबंध १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १९७२ मध्ये याच प्रयोगशाळेतून गुग्गुळाच्या रसायनावरचे काम बाहेर आले. आयुर्वेदातल्या त्या चिकट डिंकातून एकेक घटक सोडवायचा आणि मग अवरक्त व इतर आलेखांवरून त्याची रचना ठरवायची, ही वाट तीच. गुग्गुळापासून कोलेस्टेरॉलवरचे औषध पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने तयार केले.

आता या जोडपद्धतीची मर्यादाही सांगतो, नाहीतर सभासद उद्या पोतेभर नमुने आणतील. डाग डोळ्याला दिसेल आणि चकतीला पुरेल इतका माल असला तरच हे जमते. बाटलीतली भेसळ, पंपातली घाण, चुकीचे लेबल येथपर्यंत ठीक. निर्यातीच्या द्राक्षात किलोमागे मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागाइतका अंश शोधायचा तर हे हत्यार बोथट पडते. त्यासाठी वर्णलेखनाला वस्तुमान मापणारे यंत्र जोडलेले असते, आणि मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात ती सोय आहे. तत्त्व मात्र तेच: आधी सोडवा, मग ओळखा. शिवाय किती टक्के आहे हे अवरक्त आलेख सहजासहजी सांगत नाही. 'कोण' हे तो सांगतो, 'किती' यासाठी वेगळी तपासणी.

कायद्याबद्दल थोडे. केरळात १९५८ मध्ये जहाजातून आलेल्या गव्हाच्या पिठात पॅराथिऑन हे कीटकनाशक सांडून शंभरावर माणसे मेली. त्यानंतरच्या चौकशीतून १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. तणनाशके, बुरशीनाशके त्याच कायद्यात येतात. गुणवत्ता निरीक्षक दुकानातल्या साठ्यातून नमुना घेतो तेव्हा त्याचे तीन भाग करून सील करतो: एक दुकानदाराला, एक विश्लेषकाला, एक न्यायालयासाठी. म्हणून आपली फोडलेली बाटली घेऊन पुण्याला पळण्याआधी पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी, म्हणजे त्याच बॅचचा सीलबंद नमुना घेता येतो. शेवाळाचा अर्क वगैरे टॉनिके २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत, तेव्हा त्यांची तक्रार त्या बाजूने होते. पावती नसेल तर मात्र कोणाच्या हाती काही राहत नाही. पावतीवर बॅच नंबर लिहून घ्या, दुकानदार कुरकुरला तरी घ्या.

दोन-तीन औषधे एका पंपात कालवून मारण्याची सवय तर सोडाच. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या खरिपात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. अशा वेळी डॉक्टरचा पहिला प्रश्न हाच असतो की काय मारत होता. डबा सोबत नेला तर उत्तर लगेच मिळते. नाहीतर ते शोधायला पट्ट्या आणि आलेख लागतात, आणि पेशंटला तेवढा वेळ नसतो.

नमुना द्यायचाच असेल तर तो काचेच्या स्वच्छ, कोरड्या बाटलीत द्या. शीतपेयाच्या प्लास्टिकच्या बाटलीत आणू नका, घरातल्या पोराने उचलून तोंडाला लावली तर काय होईल. बाटली आधी चांगली हलवा, कारण खाली बसलेला गाळही औषधातच धरायचा. नमुन्याबरोबर याआधी पंपात काय काय घातले होते ते खरे खरे लिहून द्या. लपवले तर आमचे दोन दिवस जातात.

टू-फोर-डी मारलेला पंप नुसत्या पाण्याने निघत नाही. रबरी नळीत आणि वायसरात ते मुरून बसते. दहा लिटर पाण्यात शंभर ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवून पंप काठोकाठ भरा, थोडे नोझलमधून बाहेर काढा म्हणजे नळीतही जाईल, आणि रात्रभर तसाच ठेवा. सकाळी ते पाणी विहिरीपासून लांब, पडीक जागेत ओता आणि साध्या पाण्याने तीन वेळा खळबळा. तरीही हरभऱ्यावर, भाजीवर तो पंप वापरायला आमचे मन घेत नाही. तणनाशकाला वेगळा पंप ठेवावा.

त्या सभासदांनी तसा घेतला आहे. टाकीवर तांबड्या रंगाचा हातभर पट्टा ओढला आहे आणि घरच्यांनाही सांगून ठेवले आहे. यंदा सरीच्या बगलेला परत हरभराच आहे. परवा जाऊन पाहिला, फुलावर आला होता.